चरणाऱ्या जनावराचे अन्न

१८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेने ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि तो तळ पुढे हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार बसले आणि त्या शहराला नावही लष्कर असेच पडले. हजारो घोडे, बैल आणि उंट बाळगणाऱ्या तळाची सकाळ उजाडे ती गवताच्या चिंतेनेच. मराठी फौजांच्या हिशेबात घासदाणा ही स्वतंत्र वसुली होती. कुरणे राखली जात आणि कुरणात चोरून गुरे सोडणाऱ्याला दंड होई. जनावराच्या पोटात काय जाते यावर मोहीम तडीस जाणार की नाही हे ठरते, याची त्या माणसांना पुरती जाण होती.

त्याच लष्करातले जयेंद्रगंज आज दुकानांनी, दवाखान्यांनी आणि वकिलांच्या पाट्यांनी भरलेले आहे. जवळच दाल बाजारात धान्य-किराण्याची घाऊक उलाढाल चालते. नया बाजारात बहादुरांच्या दुकानात तुपातले लाडू मिळतात, ज्यांचे नाव अटलबिहारी वाजपेयींच्या आवडीमुळे दूरवर गेले. शितोळे, फाळके, आंग्रे, जाधव अशा सरदारांच्या मागून आलेल्या शिलेदार, कारकून, पुरोहित आणि शिक्षकांची मराठी घरे या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांपैकी अनेक घरांत तूप अजूनही ओळखीच्या माणसाकडून, भिंड-मुरैना-दतियाच्या बाजूने येते. आणणाऱ्याला विचारायचा प्रश्न ठरलेला असतो: भेसळ नाही ना? दर दिवाळीला मावा आणि तुपाच्या भेसळीच्या बातम्या येणाऱ्या मुलखात हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ज्या जनावराचे हे तूप, ते खाते काय? उघड्यावर चरते, की गव्हाणीशी बांधून भुसा आणि पेंडीवर जगते?

हा लेखसंग्रह त्या दुसऱ्या प्रश्नाला वाहिलेला आहे, आणि प्रस्तावनेत त्याची पार्श्वभूमी थोडी विस्ताराने मांडायला हवी, कारण तिची सुरुवात जयेंद्रगंजापासून फार लांब होते.

अमेरिकेत मांसासाठी पाळलेले वासरू आयुष्याचा पहिला काळ कुरणावर काढते. नंतर त्याला मोठ्या गोठावाड्यांत हलवतात आणि शेवटचे काही महिने मक्यावर भर देणारा खुराक देऊन झपाट्याने वजन वाढवतात. याला कंटाळलेल्या ग्राहकांनी गेल्या तीसेक वर्षांत अखेरपर्यंत गवतावर वाढलेल्या जनावराचे मांस मागायला सुरुवात केली. मागणी वाढली तसे शास्त्रज्ञही दोन्ही प्रकारच्या मांसातला फरक मोजू लागले. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गाय, बैल, वळू, वासरू अशा सगळ्या गोवंशाच्या हत्येवर बंदी आहे. महाराष्ट्रात गाईच्या हत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. जयेंद्रगंजातल्या बहुतेक मराठी घरांच्या चुलीवर गोमांस कधी शिजले नाही आणि शिजणारही नाही. मग हे संशोधन इथे कशासाठी? कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाची रचना एकच आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, चौघींच्याही पहिल्या जठरात तेच काम चालते. मांसाच्या तुकड्यावर जे मोजले गेले त्याची कारणमीमांसा तुपाच्या बरणीला आणि मटणाच्या रश्श्यालाही लागू पडते.

ते काम पाहण्यासारखे आहे. हिरव्या गवतात चरबी अगदी थोडी असते, पण जी असते तिचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ गटातला असतो. मका, सरकी आणि बहुतेक तेलबियांच्या पेंडीत वरचष्मा असतो तो ओमेगा-६ गटातल्या लिनोलेइक आम्लाचा. दोन्ही आम्ले जठरात पोचली की तिथले जिवाणू त्यांच्यावर हायड्रोजन चढवून त्यांना घट्ट, संपृक्त चरबीत बदलू लागतात. हे काम पुरे होण्याआधी काही रेणू निसटतात. त्यांतला एक व्हॅक्सेनिक आम्ल. रक्तातून तो कासेत पोचला की तिथे त्याचे संयुग्मित लिनोलेइक आम्ल, अर्थात सीएलए तयार होते. ज्या जनावराला ताजे गवत आणि भरपूर चोथा मिळतो त्याच्या जठरातले वातावरण या निसटण्याला अनुकूल राहते. धान्याचा मारा झाला की जठरातली आम्लता वाढते, जिवाणूंची वस्ती पालटते आणि सीएलए घटते.

या सीएलएची ओळख पटली ती भाजलेल्या गोमांसामुळेच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल परीझा आणि त्यांचे सहकारी भाजलेल्या मांसात कर्करोगाला चालना देणारी द्रव्ये शोधत होते. त्यांना उलट गुणाचे द्रव्य सापडले: प्रयोगातल्या उंदरांच्या गाठींना आळा घालणारे. १९८७ मध्ये त्यांनी ते सीएलए असल्याचे जाहीर केले. माणसांत तसाच परिणाम होतो असे त्यानंतरच्या अभ्यासांनी ठामपणे दाखवलेले नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे. पण जनावराच्या खाण्याकडे पोषणाच्या नजरेने पाहायला त्या शोधाने जगाला भाग पाडले.

पुढे आकडे जमत गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात गवतावरच्या गोमांसात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण सरासरी दीडास एक निघाले, तर धान्यावरच्या मांसात साडेसातास एकच्या आसपास. जीवनसत्त्व ई आणि बीटा-कॅरोटीनही गवतावरच्या मांसात बरेच जास्त. त्या मांसाची चरबी किंचित पिवळी दिसते ती त्यामुळेच. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या तुलनेत सेंद्रिय पद्धतीच्या दुधात आणि मांसात ओमेगा-३ सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळले. अभ्यासकांनी त्याचे श्रेय मुख्यतः चराईला दिले, कारण सेंद्रिय पद्धतीत जनावर कुरणावर सोडावेच लागते. प्रथिने, लोह आणि जस्त मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. स्नायूची घडण चाऱ्याने फारशी बदलत नाही, बदलते ती चरबी.

इथवर वाचून कुणाला वाटेल की गवतावरचे मांस किंवा तूप म्हणजे औषधच. तसे नाही, आणि ते स्वयंपाकघरातल्या साध्या हिशेबाने पडताळता येते. गवतावरच्या १०० ग्रॅम मांसात सगळे ओमेगा-३ मिळून साधारणपणे ग्रॅमचा दहावा हिस्साही भरत नाही. जवसाच्या चटणीत पाच ग्रॅम जवस गेले तर त्यातून एक ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. मुरैना जिल्हा मोहरीसाठी प्रसिद्ध आहे आणि मोहरीच्या तेलाचा साधारण दहावा हिस्सा याच आम्लाचा असतो. म्हणजे लष्करातल्या ज्या घरात भाजी मोहरीच्या तेलात फोडणीला पडते आणि पानात चमचाभर जवसाची चटणी असते, त्या घराला ओमेगा-३ साठी गवतावरच्या मांसाची वाट पाहायला नको. सीएलएचेही तेच. कुरणावरच्या गाईच्या दुधातल्या चरबीत ते एक ते दोन टक्के भरते. दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम तुपात ते शंभर-दोनशे मिलिग्रॅम झाले. माणसांवरच्या चाचण्यांत गोळ्यांतून रोज तीनेक ग्रॅम दिले गेले होते. शिवाय तूप कसेही असो, त्यातली साठ टक्क्यांहून अधिक चरबी संपृक्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दोन हजार कॅलरी खाणाऱ्याने दिवसाला बावीसेक ग्रॅमपेक्षा जास्त संपृक्त चरबी घेऊ नये. गवताने ही मर्यादा सैल होत नाही.

मग चराईच्या अन्नाचे मोल कशात? पहिले, चरबीत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांत. हिरव्या चाऱ्यातले कॅरोटीन गाईच्या तुपात काही अंशी तसेच उतरते आणि तुपाला पिवळेपणा देते. म्हैस त्याचे जवळपास सगळे अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरे. पांढऱ्या तुपाला हलके समजण्याची शहरी सवय निराधार आहे. दहा ग्रॅम चांगल्या तुपातून प्रौढ स्त्रीच्या रोजच्या अ जीवनसत्त्वाचा साधारण दहावा हिस्सा मिळतो. वाळक्या भुशात कॅरोटीन उरत नाही, तेव्हा फक्त भुशावर काढलेल्या महिन्यांत तुपातले अ जीवनसत्त्व उतरते. दुसरे मोल, जनावराच्या तब्येतीत. चालणाऱ्या, चोथा चावणाऱ्या जनावराला अपचन आणि खुरांचे विकार कमी होतात आणि औषधे कमी लागतात. तिसरे मोल गावाच्या अर्थकारणात आहे, त्याकडे पुढे वळू.

ब-१२ या जीवनसत्त्वाची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण मराठी घरांत तुपाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज त्याच्यापाशी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण आणि शहरी मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. दर तिघांपैकी दोघांच्या रक्तात ब-१२ कमी होते आणि शाकाहारींचे हाल अधिक होते. ब-१२ वनस्पती तयार करत नाही. ते तयार करतात जठरातले जिवाणू, आणि त्यासाठी त्यांना चाऱ्यातून येणारे कोबाल्ट लागते. मग ते मांसात आणि दुधात उतरते. पण ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे लोणी कढवून तूप केले की त्यात काही राहत नाही. ते दुधात, दह्यात, ताकात असते. तुपाची धार वरणावर वाढवून ताकाची वाटी बाजूला सारणाऱ्या घराने ब-१२ हातचे घालवलेले असते. ब-१२ च्या जोडीला लोहाचाही प्रश्न आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हेही लक्षात ठेवायला हवे. जी घरे मांसाहार करतात त्यांच्यासाठी बकऱ्याचे मटण आणि विशेषतः कलेजी ही सहज पचणाऱ्या लोहाची जागा आहे. त्यात लिंबू पिळणाऱ्या आणि पानात भाकरी-कांदा घेणाऱ्या जुन्या सासवांचा बेत पोषणाच्या दृष्टीने उत्तम होता.

आता भदावरी म्हशीकडे. या मुलखातल्या चराईची खरी नायिका तीच आहे आणि तिच्यासाठी या संग्रहात सगळ्यात जास्त जागा राखली आहे.

आग्ऱ्याचा बाह भाग, इटावा, भिंड आणि मुरैना मिळून जुन्या भदावर संस्थानाचा परिसर होतो. यमुना आणि चंबळेच्या घळींनी कोरलेला. या म्हशीचे नाव तिथूनच आले. अंगाने मध्यम, वजन चारशे किलोच्या घरात, मागे रुंद आणि पुढे निमुळती. रंग तांबूस, काळ्या कुळकुळीत मुर्रा म्हशीशेजारी उभी केली तर चटकन वेगळी दिसते. पाय गव्हाच्या काडीसारखे फिकट. गळ्याखाली दोन पांढरे पट्टे आडवे उतरतात, त्याला तिकडे कंठी म्हणतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला, चारा वाळून कडक झाला, तरी ती तग धरते. बीहडातल्या, म्हणजे या घळींतल्या, उतारांवर चढते-उतरते, बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, वाळकी कुसळी, हाती लागेल ते खाते. आणि एवढ्या हलाखीच्या चाऱ्यावर ती जे दूध देते त्यात चरबी सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास, काही म्हशींत बारा-तेरा टक्क्यांपर्यंत. भारतातल्या म्हशींच्या जातींत इतके घट्ट दूध दुसरीचे नाही.

चंबळेकाठच्या घरात हे दूध बरोसीत ठेवतात. मातीच्या या चुलीत गोवऱ्यांचा विस्तव राखेखाली धुमसत असतो आणि वर मातीच्या भांड्यात दूध तासन्‌तास मंद तापत राहते. उकळी फुटत नाही. हळूहळू रंग फिकट बदामी होतो आणि वर जाड साय धरते. संध्याकाळी विरजण लागते, पहाटे रवी फिरते. लोण्याचा गोळा वर आला की ताक बाजूला काढतात, लोणी कढईत जाते. बेरी तांबूस होऊन तळाशी बसली आणि बुडबुड्यांचा आवाज बारीक झाला की कढई उतरवायची. हे तूप सावकाश निवले तर कणी जाड पडते, घाईने गार केले तर ते नुसते गुळगुळीत गोठते. घेणारा जाणता असेल तर चिमूटभर तूप तळहाताच्या मागच्या बाजूला चोळून हुंगतो. आठ टक्के चरबीच्या दुधाचे किलोभर तूप करायला तेरा-चौदा लिटर दूध पुरते. चार टक्क्यांच्या दुधाला त्याच्या दुप्पट लागते.

इतके गुण असूनही भदावरीची संख्या घटत गेली. कारण सरळ आहे. ती दिवसाला चार-पाच लिटर दूध देते. साडेचार लिटरला आठ टक्के धरले तर ३६० ग्रॅम चरबी. चांगला खुराक मिळालेली मुर्रा आठ लिटर देते, सात टक्के धरले तरी ५६० ग्रॅम. दूध संघ पैसे चरबीवर देतो, पण एकूण चरबीवर देतो. त्या हिशेबात मुर्रा जिंकते. या हिशेबात खुराकाचा खर्च आणि चराईची फुकट वैरण मात्र धरलेली नसते. मुर्राला भुसा, चरी, मोहरीची पेंड, हिवाळ्यात बरसीम सगळे विकतचे लागते. भदावरी त्यातले बरेच बीहडातून मिळवते. ग्वाल्हेरहून शंभर किलोमीटरवर झाशीला भारतीय चरागाह व चारा अनुसंधान संस्था आहे, १९६२ मध्ये स्थापन झालेली. गवताचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेने भदावरीचा कळप राखला आहे आणि कमी प्रतीच्या चाऱ्यावर ती काय देऊ शकते याच्या नोंदी ठेवल्या आहेत. गवत आणि म्हैस यांचा विचार एकाच आवारात व्हावा ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते.

बकऱ्याबद्दल थोडक्यात. यमुना-चंबळेच्या दुआबातली जमुनापारी ही लांब लोंबत्या कानांची आणि फुगीर नाकाची शेळी याच पट्ट्याची. शेळी गवतापेक्षा झाडपाला अधिक खाते. बाभूळ-बोरीच्या पाल्यातले टॅनिन जठरातल्या जिवाणूंच्या कामात अडथळा आणते आणि चरबीतली उपयुक्त आम्ले जरा जास्त वाचतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मुळात बकऱ्याचे मांस कमी चरबीचे. लष्करातल्या मराठी घरांत रविवारी जे मटण शिजते ते बहुधा अशाच चरून वाढलेल्या जनावराचे असते आणि त्यासाठी कुणी जादा पैसे मोजलेले नसतात.

दुधाचे मात्र तसे नाही, आणि इथे परदेशी वाद जसाच्या तसा उचलून चालत नाही. अमेरिकेत सामना गवत विरुद्ध मका असा आहे. ग्वाल्हेरच्या परिसरात पाऊस जूनअखेर येतो आणि सप्टेंबरअखेर परततो. त्यानंतर महिना-दोन महिने मारवेल, अंजन, हराळी ओली असतात, मग वाळत जातात. हिवाळ्यात पाण्याची सोय असलेला शेतकरी बरसीम लावतो, तेव्हा हिरवा चारा पुन्हा मिळतो. मार्चनंतर गव्हाचा भुसाच. वर्षभर हिरव्या गवतावरची गाय ही आयर्लंड-न्यूझीलंडची चैन आहे, चंबळेची नव्हे. म्हणून इथे विचारायचे ते असे: हिरवा चारा वर्षातले किती महिने मिळतो, उन्हाळ्यात भुशाबरोबर काय दिले जाते आणि जनावर दिवसातून किती वेळ मोकळे असते. आणि शहरात याहून वाईट स्पर्धक आहे, तो म्हणजे कचरा. दूध काढून रस्त्यावर सोडलेली गाय भाजीबाजाराच्या उकिरड्यावर प्लास्टिकसकट चरते, संध्याकाळी पुन्हा दुधाला घरी नेली जाते. तिचे दूधही देशी गाईचे म्हणूनच विकले जाते. महापालिकेच्या लाल टिपारा गोशाळेत हजारो गाई सांभाळल्या जातात आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे शेणापासून वाहनांचा गॅस तयार करणारा प्रकल्प चालू झाला. ते स्तुत्य आहे. पण रस्त्यावर दुभती जनावरे चारण्याची सवय त्याने सुटत नाही.

चाऱ्याचा तुपावर परिणाम होतो हे आपल्या कायद्याने फार पूर्वी मान्य केले आहे. तुपाची शुद्धता ठरवताना राइशर्ट अंक नावाची कसोटी लावतात. सरकी खाणाऱ्या जनावरांच्या तुपात हा अंक मुळातच कमी येतो, म्हणून कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यांसाठी नियमांत तो वेगळा, कमी ठरवावा लागला. नाहीतर शेतकऱ्याचे अस्सल तूप प्रयोगशाळेत भेसळीचे ठरले असते. डालड्याची भेसळ पकडायला वनस्पती तुपात तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले गेले, म्हणजे बोडुआँ चाचणीत गुलाबी रंग उमटून चोरी उघडी पडावी. इतका बारकावा दाखवणाऱ्या व्यवस्थेला चराईचा शिक्का मात्र अजून जमलेला नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने गवतावरच्या मांसासाठी केलेली आपली व्याख्या जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतली. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए-१, ए-२ असे दावे वेष्टनावरून काढण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो परत घेतला. दोन-तीन हजार रुपये किलोने विकल्या जाणाऱ्या तुपाच्या बरणीवर काय लिहिले आहे यापेक्षा विकणाऱ्याच्या गोठ्याचा पत्ता अधिक भरवशाचा, असे आज तरी म्हणावे लागते.

आणि शेवटी जमीन. चरायला रान नसेल तर वरची सगळी चर्चा फोल. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या महसूल संहितेत गावाच्या जमिनीचा ठराविक भाग चरनोई म्हणून, म्हणजे महाराष्ट्रातल्या गायरानासारखा, राखून ठेवण्याची तरतूद आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दिग्विजय सिंह सरकारने हे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवून दोन टक्क्यांवर आणले आणि सुटलेली जमीन दलित व आदिवासी भूमिहीनांना वाटण्याचे ठरवले. तो निर्णय केवळ गुरांच्या बाजूने तोलणे अन्यायाचे होईल. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला स्वतःचा तुकडा मिळण्याचे मोल मोठे आहे. पण ज्या भूमिहीनाची एकमेव मिळकत दोन शेळ्या आणि एक भदावरी म्हैस होती, त्याचे रानही त्याच निर्णयात आटले. बीहडातही तेच घडले. धूप थांबवण्यासाठी १९८० च्या दशकात चंबळेच्या घळींत विमानातून विलायती बाभळीचे बी टाकले गेले. ती फोफावली, तिच्या शेंगा जनावरे खातात, पण तिच्या जाळीखाली गवत तग धरत नाही. जिथे घळी सपाट करून शेते झाली तिथे मोहरी आली, मोहरीबरोबर पेंड आली आणि पेंडीबरोबर बांधून पोसायची मुर्रा.

ही साखळी उलट फिरवता येणार नाही. तिच्यात एक कडी मात्र शहरातल्या गिऱ्हाइकाच्या हातात आहे, ती भावाची. भदावरीचे दूध आज संघाच्या डब्यात मुर्राच्या दुधात मिसळते आणि तिच्या तुपाला वेगळा भाव मिळत नाही. जयेंद्रगंजातल्या, फालका बाजारातल्या, शिंदे की छावनीतल्या घरांनी तुपवाल्याला जनावराची जात, चराईचे महिने आणि उन्हाळ्यातला खुराक विचारायला सुरुवात केली, भदावरीचे तूप वेगळ्या डब्यात मागितले आणि त्याचे किलोमागे शंभर-दीडशे रुपये जास्त दिले, तर वर मांडलेला ३६० विरुद्ध ५६० ग्रॅमचा हिशेब भिंडच्या अंगणात वेगळा सुटू शकतो. तांबडी म्हैस ठेवायची की विकून काळी आणायची, याचा निर्णय तिथली बाई याच हिशेबावर घेते. पुढच्या लेखांत जातींची वर्णने, चाऱ्याचे ऋतुमान आणि तूप पारखण्याच्या रीती येतील. सोबत या बायांनी ठेवलेले दुधा-चाऱ्याचे हिशेबही त्यांच्याच शब्दांत दिले आहेत.